जाहिरातीवाचून वर्गणी : ‘हरिजन’चा पुण्यातील प्रारंभ

नियतकालिकाचा खर्च जाहिरातदाराने भागवावा की वर्गणीदाराने, हा वाद जुना आहे. (‘जाहिरात’ हा शब्द अरबी ‘जाहिर’पासून आलेला, हे येथे सहज नमूद करावेसे वाटते.) गांधीजींच्या ‘इंडियन ओपिनियन’ने आरंभी जाहिराती घेतल्या, पुढे १९१२ मध्ये त्या निग्रहाने बंद केल्या. ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्यात ‘हरिजन’ निघाले, तेव्हा गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. याही पत्रात जाहिरातींना थारा नव्हता. वाचकांना पत्राची गरज असेल, तर खर्चही त्यांनीच सोसावा, अशी त्यांची भूमिका होती. ती कठोर खरी. परंतु पत्राची निकड पारखण्याचे याहून प्रामाणिक साधन आम्हांस दिसत नाही. मात्र १९४२ मध्ये ‘हरिजन’ बंद पडले, ते वर्गणी आटल्यामुळे नव्हे, तर सरकारी दडपशाहीमुळे. १९४६ मध्ये ते पुन्हा सुरू झाले.