उघडता येणारं यंत्र

माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटावर एक सीडी प्लेअर गेली कित्येक वर्षं मुका बसून आहे. २००२ साली पगाराच्या फरकाची रक्कम हाती आली, तेव्हा घरातल्यांचा रोष पत्करून मी तो घेतला होता. परदेशी बनावटीचा, जड, आणि आवाज असा की गायकानं श्वास घेतलेलाही कळावा. दहा-अकरा वर्षं त्यानं इमानेइतबारे साथ दिली. मग एक दिवस तबकडी आत घ्यायची, क्षणभर फिरवायची आणि परत बाहेर टाकायची, असं सुरू झालं. मी तो उचलून मुंबईला सर्व्हिस सेंटरवर नेला. तिथल्या मुलानं तो उघडलासुद्धा नाही. मॉडेलचा नंबर पाहिला, संगणकावर काहीतरी टिपलं आणि म्हणाला, "सर, याचं लेझर युनिट आता येत नाही. नवीन घ्या."

नवीन घ्या! दोन शब्दांत त्यानं माझ्या दोन महिन्यांच्या पगाराची बोळवण केली. राग त्या मुलाचा आला नाही. त्याच्या हातात तरी काय होतं? पण परतीच्या प्रवासात एक प्रश्न मनात घोळत राहिला. वस्तू विकणाऱ्याची तिच्याबद्दलची जबाबदारी नक्की कधी संपते?

या प्रश्नाचं उत्तर मला कुणा कंपनीकडून मिळालं नाही. ते मिळालं मिरजेत, एका वयोवृद्ध डॉक्टरांच्या घरी. डॉक्टरसाहेब जुन्या रेकॉर्डचे शौकीन. त्यांच्या वडिलांनी १९५७ साली विलायतेतून बोटीनं येताना एक टर्नटेबल आणलं होतं. गॅरार्ड कंपनीचं, मॉडेल ३०१. डॉक्टरसाहेबांनी खान अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ गतीची तबकडी त्यावर ठेवली, जाड सुई लावली आणि एक खटका ओढला. जड थाळी हळूहळू वेग घेऊ लागली. खाँसाहेब मिरजेचे, १९३७ साली गेले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच विसावले. त्यांचा तो सूर, ते गेल्यानंतर वीस वर्षांनी विलायतेहून आलेल्या यंत्रावर, त्यांच्याच गावात मी ऐकत होतो. माझा प्लेअर अकरा वर्षांत संपला होता. हे यंत्र साठीकडे झुकलं होतं आणि ठणठणीत होतं.

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हे कधी बिघडलं नाही?"

ते हसून म्हणाले, "बिघडलं की! तीन वेळा. तिन्ही वेळा दुरुस्त झालं."

त्या दिवसापासून मी या यंत्राच्या मागे लागलो. त्याची कथा मोठी वाचनीय निघाली.

गॅरार्ड हे मूळचं लंडनच्या जवाहिऱ्यांचं घराणं. १८४३ साली व्हिक्टोरिया राणीनं त्यांना राजघराण्याचे जवाहिरे नेमलं. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, या पेढीनं एक वेगळी यंत्र-कंपनी काढली. तिचं काम होतं तोफखान्यासाठी अंतर मोजणारी उपकरणं बनवण्याचं. दागिने घडवणाऱ्यांना केसाएवढ्या मापाची सवय असतेच, ती इथं कामाला आली. युद्ध संपलं आणि तोफांचं काम आटलं. मग कंपनी स्विंडन गावी गेली. हे रेल्वे कारखान्यांचं गाव, त्यामुळे कसबी कामगारांची वाण नव्हती. तिथं त्यांनी चावीच्या ग्रामोफोनसाठी स्प्रिंगच्या मोटारी बनवायला घेतल्या. पुढं विजेच्या मोटारी आल्या, रेकॉर्ड आपोआप बदलणारे चेंजर आले. आणि १९५४ च्या सुमारास आलं ३०१.

ते होतं कसं? ओतीव ॲल्युमिनियमची बैठक. तिच्यावर जड थाळी. खाली स्प्रिंगांवर टांगलेली मोटार. मोटारीच्या दांड्याला तीन पायऱ्यांची पुली, ३३, ४५ आणि ७८ या तीन गतींसाठी. पुली आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये एक रबरी चाक. मोटार पुली फिरवते, पुली रबरी चाक फिरवते आणि चाक थाळीला. गती जरा कमीजास्त करायची असेल, तर मोटारीच्या दांड्यावरच्या धातूच्या चकतीजवळ एक चुंबक सरकवायचा. चुंबकाला चकतीचा स्पर्शही होत नाही, तरी ती अडते आणि गती उतरते. कुठं घासणं नाही, म्हणून झीजही नाही. ही सगळी रचना शाळेतल्या हुशार मुलाला कागदावर काढून दाखवता येईल, इतकी सरळ आहे.

आणि सगळं स्क्रूवर. जिथं तेल द्यायचं तिथं तेल जाईल अशी सोय. थाळीचा मधला दांडा ज्या खोबणीत फिरतो, तिथं सुरुवातीच्या यंत्रांत ग्रीस भरायची व्यवस्था होती, पुढच्यांत तेलाची. म्हणजे हे यंत्र बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं की कुणीतरी ते उघडणार आहे. आपण ओळखत नाही असा माणूस, आपण पाहिलं नाही अशा गावात, आपल्यामागं कितीतरी वर्षांनी.

डॉक्टरसाहेबांच्या यंत्राचे तीन आजार मी त्यांच्याकडूनच ऐकले. पहिल्यांदा मोटार जड फिरू लागली. आतलं तेल सुकून चिकट झालं होतं. मिरजेतल्याच एका पंखे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी मोटार खोलली, साफ केली, नवं तेल दिलं. दुसऱ्यांदा एक वायर तुटली, तिला सोल्डरिंगचा डाग दिला. तिसऱ्यांदा रबरी चाक कडक होऊन घरघर येऊ लागली. रबरच ते, चाळीस वर्षांनी कडक होणारच. तेव्हा डॉक्टरांच्या मुलानं परदेशातून नवं चाक मागवलं. ज्या कंपनीचं यंत्र, ती तोवर स्विंडनमधून उठून गेली होती. चाक मात्र मिळालं.

हे कसं घडलं, ते पाहण्यासारखं आहे. १९६० साली गॅरार्ड ही प्लेसी नावाच्या मोठ्या उद्योगानं विकत घेतली. १९६५ साली ३०१ ची जागा ४०१ नं घेतली. पण जपानी कंपन्या आता जोरात होत्या. टेक्निक्सनं १९७० साली मोटारीवरच थाळी बसवलेलं टर्नटेबल बाजारात आणलं. मध्ये रबरी चाक नाही, पट्टा नाही. गॅरार्डची स्वस्त यंत्रंही या स्पर्धेत टिकेनात. १९७९ साली हे नाव ब्राझीलच्या ग्रादिएन्ते कंपनीकडं गेलं. धंद्याच्या हिशेबानं गॅरार्ड संपली.

यंत्रं मात्र संपली नाहीत. इंग्लंडात, युरोपात, जपानात हौशी लोकांनी ३०१ आणि ४०१ सांभाळून ठेवली. सरळ रचनेमुळे छोट्या कारखानदारांना त्यांचे भाग बनवणं जमत होतं. रबरी चाक, पुली, खोबण, स्प्रिंगा, सगळं कुणी ना कुणी बनवू लागलं. इंग्लंडात लोरीक्राफ्ट नावाच्या छोट्या कंपनीनं तर ही जुनी यंत्रं नीट करून देणं हाच व्यवसाय केला. कंपनी गेली, पण विद्या मागं राहिली.

या कथेला शेवटी एक मराठी धागाही आहे. इंग्लंडमध्ये स्टेनिंग गावी एसएमई नावाची कंपनी आहे. १९४६ साली लहान यांत्रिक प्रतिकृती बनवायला सुरू झालेली ही कंपनी पुढं टर्नटेबलच्या सुईचा दांडा बनवण्यात जगप्रसिद्ध झाली. २०१६ साली ती पुण्याचे उद्योजक अजय शिर्के यांच्या केडन्स समूहानं घेतली. २०१८ साली त्याच एसएमईनं गॅरार्डचं नाव आणि लोरीक्राफ्ट या दोन्ही गोष्टी आपल्याकडं घेतल्या आणि जुनी ३०१ पूर्ण खोलून नव्यासारखी करून विकायला सुरुवात केली. किंमत लाखांच्या घरात, म्हणजे तुमच्या-माझ्या आवाक्याबाहेर. पण स्विंडनच्या कारागिरांनी साठ वर्षांपूर्वी घडवलेल्या यंत्राला पुण्याच्या पैशानं पुन्हा घर मिळालं, याची मला गंमत वाटली.

आता कुणी म्हणेल, कवीमहाशय, हे सगळं चाकांच्या आणि पुल्यांच्या यंत्राला ठीक. इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं काय? प्रश्न रास्त आहे. सीडी प्लेअरमध्ये लेझरचा एक बारीक डोळा असतो. तो वयानं मंदावतो. त्याची भिंगं, त्याला हलवणारी नाजूक गुंडाळी, त्याचा सांकेतिक हिशेब करणारी चिप, हे सगळं मोठ्या कारखान्यातच बनतं. तो कारखाना थांबला, की मिरजेच्या मिस्त्रींना तेलाचा थेंब देऊन काही करता येत नाही. पहिला सीडी प्लेअर १९८२ साली जपानात विक्रीला आला. १९७० च्या दशकापासून चालत आलेलं टर्नटेबल बनवणाऱ्या ग्लासगोच्या लिन कंपनीनं २००९ साली सीडी प्लेअर बनवणं थांबवलं. तिच्या सुरुवातीच्या टर्नटेबलला मात्र नवे भाग बसवून आजच्या बरोबरीचं करता येतं. एकाच घरातली ही दोन भावंडं, पण दोघांचं नशीब वेगळं.

तरीही इलेक्ट्रॉनिक म्हणजे अल्पायुषी, असं समीकरण मला पटत नाही. इंग्लंडातच हंटिंग्डन गावी पीटर वॉकर नावाचे गृहस्थ होते. १९३६ साली त्यांनी कंपनी काढली, ती पुढं क्वाड म्हणून ओळखली गेली. १९५३ चा त्यांचा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि १९५७ चा स्थिरविद्युतवर चालणारा स्पीकर आजही लोक वापरतात. क्वाड आपल्या माहितीपुस्तिकेत यंत्राचा विद्युत-नकाशा छापून देत असे. त्यामुळे डाग द्यायला शिकलेला कुठलाही कारागीर आत काय आहे ते वाचू शकतो. आतले कंडेन्सर सुकतात, ते बदलायचे. व्हॉल्व्ह संपतो, तो बदलायचा. आणि दशकांपूर्वी विकलेलं यंत्र कारखान्यात परत आलं, तर ते दुरुस्त करून देण्याची त्या कंपनीची ख्याती होती. म्हणजे वीज असो वा चाक, फरक पडतो तो बनवणाऱ्याच्या मनात दुरुस्ती करणाऱ्याला जागा आहे की नाही, यानं.

डॉक्टरसाहेबांच्या घरून निघालो की मी सतारमेकर गल्लीतून जातो. तिथल्या एका चाचांशी माझी जुनी ओळख. त्यांना मी गॅरार्डची गोष्ट सांगितली, की तोफांची उपकरणं बनवणारे लोक युद्ध संपल्यावर संगीताच्या यंत्रांकडं वळले. चाचा म्हणाले, "मग आमच्यात अन् त्यांच्यात फरक काय?"

खरंच नव्हता. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे, शस्त्रं नीट करणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारीची गरज ओसरली, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. पंढरपूर भागातले भोपळे आणले, तारा जोडल्या आणि मिरजेचा तंबोरा देशभर गेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

चाचांच्या दुकानात त्या दिवशी एक तंबोरा दुरुस्तीला आला होता. तो त्यांच्या आजोबांनी केलेला. भोपळ्याला तडा गेला होता, जवारी बसली होती. मी विचारलं, "चाचा, याची वॉरंटी कधीच संपली असेल ना?"

ते घोडीवरून हात फिरवत म्हणाले, "मास्तर, आमच्या आजानं केलाय. नाही कसं म्हणायचं?"

मुंबईच्या त्या दुकानात मला जे उत्तर मिळालं नव्हतं, ते इथं मिळालं. आजोबांची वस्तू नातवाकडं परत येते आणि नातू ती आपलीच समजतो. मोठ्या कंपन्यांना आजा-नातू नसतात. त्यांचे मालक बदलतात, कारखाने बंद होतात. म्हणूनच तिथं ही जबाबदारी कुणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडून भागत नाही, ती लिहून घ्यावी लागते. याची जाणीव आता जगभर होऊ लागली आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. युरोपीय संघानं २०२४ साली कायदा केला. त्यात धुलाई यंत्रं, फ्रिज, मोबाइल अशा वस्तू आहेत. गाण्याची यंत्रं त्या यादीत नाहीत. गाणं जीवनावश्यक नाही, असा त्यांचा हिशेब असावा. खाँसाहेबांची तबकडी ऐकताना डॉक्टरसाहेबांचा चेहरा ज्यानं पाहिला, तो असा हिशेब करणार नाही.

आपण ग्राहक म्हणून इतकं तरी करू शकतो. महाग वस्तू घेताना आवाज कसा आहे, हे जरूर ऐकावं. मग दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात. हे उघडतं का? याचा नकाशा मिळतो का? आणि दहा वर्षांनी याचे भाग कोण देणार? उत्तरं मिळतीलच असं नाही, पण प्रश्न विचारणारे वाढले की उत्तरं शोधावी लागतात.

माझा सीडी प्लेअर अजून कपाटावरच आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. मी दिला नाही. मिरजेच्या मिस्त्रींनी तो एकदा उघडून पाहिला आणि झाकण परत बसवताना म्हणाले, "बाकी सगळं चांगलं आहे हो. नुसता डोळा गेलाय."

तसाच एखादा डोळा कुठल्या तरी मोडक्या प्लेअरमध्ये सापडेल, म्हणून ते अजून शोधात आहेत. मीही आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)