बंदराच्या पाठीशी उभा घाट

बंदर म्हटले की डोळ्यांपुढे जहाजे, शिडे, गोद्या आणि घामाघूम झालेले हमाल येतात. परंतु जहाजात चढणारा माल धक्क्यावर पिकत नाही आणि उतरलेला माल धक्क्यावरच संपत नाही. मुंबई बंदराच्या दैनंदिन जीवनाचा मागोवा घेताना म्हणूनच आम्ही वाचकांना सह्याद्रीच्या पायथ्याशी, कर्जत व खालापूर तालुक्यांत घेऊन जाणार आहोत. कर्जत तालुक्यातील कशेळे गावी कर्जत, नेरळ, मुरबाड आणि खांडसकडचे रस्ते एकत्र येतात. खांडसच्या पुढे शिडीघाट व गणेशघाट या पायवाटा भीमाशंकरला चढतात. समुद्र न दिसणाऱ्या या मुलखाचे समुद्रकाठच्या महानगराशी असलेले नाते फार जुने आहे.

आगगाडी येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी प्रथम होडीत बसे. भरतीच्या पाण्यावर पनवेलची खाडी गाठायची आणि तेथून चौक, खालापूर, खोपोली करीत बोरघाट चढायचा, असा तो क्रम होता. खोपोलीस नाना फडणवीसांनी बांधविलेल्या तलावावर माणसे व जनावरे विसावत. माल बैलांच्या पाठीवरून जाई. १८०४ मध्ये जनरल वेलस्ली याने तोफा नेण्यासाठी घाटवाट सुधारली. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम याच्या कारकिर्दीत तेथे गाडीरस्ता खुला झाला. गोणी बैलाच्या पाठीवरून गाडीत आली आणि देशावरचा माल अधिक सुलभपणे बंदराकडे उतरू लागला.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५६ मध्ये लोहमार्ग खोपोलीस पोहोचला आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र तसाच राहिला. खोपोलीस उतरायचे, पालखी, तट्टू वा बैलगाडीने वर चढायचे आणि खंडाळ्यास पुन्हा आगगाडी धरायची, असा पाच वर्षे द्राविडी प्राणायाम चालला.

तो संपविण्यासाठी जे श्रम झाले, त्यांची कथा विदारक आहे. सुमारे २५ किलोमीटरच्या चढावर २५ बोगदे खोदले गेले. १८६१ मध्ये तेथे ४२,००० मजूर राबत होते. पटकीच्या साथीने कित्येक मृत्युमुखी पडले. मजुरीच्या प्रश्नावरून १८५९ च्या जानेवारीत मजुरांनी दंगाही केला. पुढे कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल येथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते काम तडीस नेले. १८६३ मध्ये घाटमार्ग सुरू झाला. अ‍ॅलिसचे नाव इतिहासात राहिले, याचे समाधान आहे. परंतु सुरुंग लावणाऱ्या आणि पाट्या वाहणाऱ्या हजारोंपैकी एकाचेही नाव आपल्या ओठी येत नाही.

घाट उघडला तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा होता. मुंबई भरभराटली. १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा गोदी उभी राहिली. रस्त्यावर १८७४ पासून घोड्यांची व १९०७ पासून विजेची ट्राम धावू लागली. १९२६ मध्ये मोटारबस आली. १९६४ मध्ये ट्रामने निरोप घेतला, तरी धक्क्यांवर हमाल व हातगाड्या राबतच होत्या.

या काळात घाटाने मुंबईला आणखी एक देणगी दिली. १९१५ मध्ये खोपोलीच्या व १९२२ मध्ये भिवपुरीच्या केंद्रातून टाटांची जलविद्युत शहराकडे निघाली आणि गिरण्यांची चाके तिच्यावर फिरू लागली. मावळात अडविलेले पाणी घाटाखाली कोसळून वीज देते. भिवपुरीचे पाणी पुढे उल्हास नदीस मिळते.

दूरदेशीही हेच घडले. व्हिएतनाममधील हायफाँग हे गजबजलेले बंदर. फ्रेंच अमलात तेथून चीनमधील युन्नान प्रांताच्या डोंगरांत लोहमार्ग नेण्यात आला. तो १९१० मध्ये पूर्ण झाला. तेथेही हजारो मजूर दगावले. बंदराची श्रीमंती डोंगरातून येते आणि तिची किंमतही पुष्कळदा डोंगरातच मोजली जाते, हे दोन्हीकडे दिसते.

१९८९ मध्ये न्हावाशेवा येथे नवे बंदर सुरू झाले. २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातूनच घाट चढतो, आणि कंटेनर वाहणारे ट्रक त्या चढावर दिवसरात्र धापा टाकत असतात.

वसईची भाजी आणि केळी मुंबईच्या बाजारात पोहोचविणाऱ्या आपल्या आजा-पणजांनाही या इतिहासात स्थान आहे. ते कोणत्या वेळी घर सोडत, ओझे कोठे उतरवीत, परततीला काय आणीत, हे सांगणारी माणसे अजून काही घरांत आहेत. त्यांच्याजवळ बसून ते ऐकावे आणि नावागावासह लिहून ठेवावे, एवढेच आमचे वाचकांना सांगणे आहे. बोरघाटातील मजुरांच्या बाबतीत ते कोणी केले नाही.