स्फुट गोष्ट : व्हिक्टोरियाकालीन नियतकालिके आणि मराठी कथा

मार्च १८७० मध्ये मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग जबलपूरला येऊन पोहोचला. अलाहाबादेकडून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा तेथे १८६७ पासूनच येऊन थांबलेला होता. हे दोन मार्ग जुळले आणि मुंबई व कलकत्ता एकमेकांना जोडली गेली. ज्यूल व्हर्नने पुढे दोनच वर्षांत आपली ऐंशी दिवसांची पृथ्वीप्रदक्षिणा पॅरिसच्या एका दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध केली, ती या लोहमार्गाच्या भरवशावर. आणि कादंबरीत रंग भरावा म्हणून तयार झालेला मार्ग त्याने अलाहाबादच्या अलीकडे खुशाल तोडून टाकला व नायकाला हत्तीवर बसविले. नियतकालिकातून गोष्ट सांगणाऱ्याला भूगोलाशी असे स्वातंत्र्य घेता येते, याचे हे एक ठळक उदाहरण.

मी ज्या खमरियात बसून हे लिहीत आहे, ते जबलपूरच्या पूर्वेचे ठिकाण. येथील दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आणि त्याच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे त्यानंतरची. पण जबलपूरशी मराठी माणसाचा संबंध १७८१ पासूनचा, सागरकर मराठ्यांच्या व नंतर नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासूनचा आहे. व्हिक्टोरिया राणीच्या उत्तरकाळात या स्थानकावर दोन दिशांनी छापील गोष्ट येऊ शकत होती. अलाहाबादेकडून इंग्रजी, पुण्या-मुंबईकडून मराठी. त्या दोन गोष्टींची जडणघडण तपासली, तर आपल्या कथेच्या इतिहासात रूढ झालेला एक निवाडा पुन्हा तपासावा लागतो, असे मला वाटते.

तो निवाडा असा : हरि नारायण आपटे यांच्या ‘स्फुट गोष्टी’ म्हणजे मराठी कथेची बाल्यावस्था; त्या पसरट आहेत, निवेदक मध्येच वाचकाशी बोलू लागतो, बोध लपून राहत नाही; खरी कथा पुढे घाटदार झाली तेव्हा जन्मली. ना. सी. फडके यांच्या ‘प्रतिभासाधन’नंतर (१९३१) तंत्राचा जो बोलबाला झाला, त्यात हे मत पक्के झाले. नवकथेने फडक्यांचे तंत्र नाकारले, परंतु हा निवाडा मात्र जवळजवळ तसाच वारशाने घेतला. एका बैठकीत वाचून होणारी, एकच परिणाम साधणारी कथा ही एडगर अॅलन पोची कल्पना १८४२ मधली, आणि तीही मांडली गेली एका मासिकातील परीक्षणातच. मासिकाच्या गरजेतून निघालेले माप आपण कथेच्या स्वभावाचे माप मानून बसलो.

इंग्रजी बाजू आधी पाहू. किपलिंगच्या ‘प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स’ (१८८८) या पुस्तकात चाळीस कथा आहेत. त्यांपैकी अठ्ठावीस १८८६-८७ मध्ये लाहोरच्या ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये आल्या होत्या. वृत्तपत्राचा सव्वा रकाना, म्हणजे सुमारे दोन हजार शब्द, एवढीच जागा त्यांना मिळे. त्या कथांचा ज्या गुणासाठी गौरव होतो, तो नेमका काटेकोरपणा, अर्धे सांगून अर्धे सोडून देण्याची ती ढब, रकान्याने शिकविलेली आहे. शिवाय वाचक मूठभर होता व ओळखीचा होता : छावणी, क्लब, कचेरी. सिमल्याचे नाव घेतले की त्याला पुढचे सांगावे लागत नसे. किपलिंग अलाहाबादेस ‘पायोनियर’मध्ये आल्यावर १८८८ मध्ये ए. एच. व्हीलर कंपनीने ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’ या मालेत त्याची सहा पुस्तके एकेक रुपयाला स्थानकांवरच्या दुकानांतून विकण्यास काढली. प्रवासात वाचून संपवावी अशी ती गोष्ट होती. लंडनला ‘स्ट्रँड’ने १८९१ मध्ये शेरलॉक होम्सच्या कथा सुरू केल्या, त्यामागचा हिशेबही व्यावहारिकच होता. नायक तोच ठेवावा, परंतु प्रत्येक अंकातली गोष्ट त्या अंकातच पुरी व्हावी. म्हणजे एखादा अंक चुकला तरी गिऱ्हाईक तुटत नाही.

आमच्या प्रदेशाची या इंग्रजी गोष्टींत एक खास जागा आहे. जबलपूरहून नागपूरच्या वाटेवर सिवनी लागते. मोगलीचे अरण्य ते हेच. पण ती पहिली गोष्ट जानेवारी १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘सेंट निकोलस’ या मुलांच्या मासिकात आली आणि ती लिहिली गेली अमेरिकेतील व्हरमाँट येथे. सिवनी किपलिंगने पाहिली नव्हती. तिथला परिसर हिंडून आलेल्या स्नेह्यांची माहिती व छायाचित्रे, आणि तेथे राहिलेल्या स्टर्नडेल या अधिकाऱ्याचे १८७७ चे ‘सिओनी’ हे पुस्तक, एवढी सामग्री त्याच्यापाशी होती. त्याआधी ठगांच्या निमित्ताने स्लीमनचे जबलपूर इंग्रजी वाचकांच्या कल्पनेत शिरलेच होते. हा मुलूख अशा रीतीने दूरच्या वाचकासाठी अद्भुताचे कोठार झाला. मोगलीच्या गोष्टी थोर आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांत सिवनीच्या माणसाने स्वतःला ओळखावे, अशी अपेक्षा त्या मासिकाची नव्हती, लेखकाचीही नव्हती.

आता पुण्याकडून येणारी गोष्ट. हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक १८९० मध्ये सुरू केले व १९१७ पर्यंत चालविले. तत्पूर्वी मराठी नियतकालिकांत गोष्ट नव्हती असे नाही. ‘विविधज्ञानविस्तारा’तून (१८६७) रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही कादंबरी आली होती; पण त्या मासिकाच्या नावातच ज्ञान होते, आणि गोष्ट तेथे पाहुणी होती. ‘करमणुकी’ने ती घरची केली. ‘पण लक्षात कोण घेतो?’, ‘मी’, ‘उषःकाल’ या कादंबऱ्या आठवड्या-आठवड्याने याच पानांतून वाढल्या. साप्ताहिकाचा कणा ही क्रमशः चालणारी कादंबरी होती. तिच्या शेजारी जे सुटे, एकटे, त्या-त्या वेळेपुरते लिहिले जाई ते स्फुट. वृत्तपत्रातील छोट्या संपादकीय टिपणालाही आपण स्फुटच म्हणतो. म्हणजे मराठी कथेला पहिले नाव मिळाले ते तिच्या घाटावरून किंवा लांबीवरून नाही, अंकातील तिच्या जागेवरून. ‘लघुकथा’ हा शब्द रूढ झाला तो पुष्कळ नंतर, आणि त्याने हे नाते पुसून टाकले.

त्या जागेचा परिणाम काय झाला? कादंबरीच्या प्रकरणासाठी थांबलेला वाचक शेजारची गोष्ट वाचीत असे. त्याला घाई नव्हती. गाडीचे पुढचे स्थानक येणार नव्हते. अंक घरात येई, एक जण वाची आणि चार जण ऐकत. त्या चारांत वाचता न येणारी आजी असे, नुकतीच अक्षरे गिरवू लागलेली सूनही असे. कीर्तन-पुराणाच्या श्रवणात वाढलेल्या या श्रोतृवर्गाला निवेदकाने मध्येच थांबून विचारणे, समजावणे, मागचा धागा पुन्हा हाती देणे हे खटकणारे नव्हते, हवे असलेले होते. पसरटपणा म्हणून आपण ज्याची संभावना करतो, तो पुष्कळ ठिकाणी ऐकणाऱ्याच्या कानाचा मान राखणे आहे. डोळ्याने वाचणाऱ्याला पुनरुक्ती नकोशी होते. कानाने ऐकणारा तिच्यावाचून चुकतो. काशीबाई कानिटकरांसारखी (१८६१-१९४८) लग्नानंतर घरीच अक्षरओळख मिळविलेली स्त्री याच काळात नियतकालिकांची लेखिका झाली. वाचनाचे वर्तुळ घरापर्यंत आल्याचीच ती खूण होती.

सारेच स्फुट लेखन या कारणाने चांगले ठरते, असा दावा मी करीत नाही. साप्ताहिकाचा बराचसा मजकूर हरिभाऊ स्वतः लिहीत, आणि दर आठवड्याला पाने भरावयाची असत. त्यामुळे इंग्रजीवरून उचलून मराठी कपडे चढविलेल्या गोष्टीही त्यांत आहेत, आणि ‘थोड्या चुकीचा घोर परिणाम’सारख्या शीर्षकांतून बोध आधीच डोकावतो. त्यांचे समर्थन करण्यात अर्थ नाही. परंतु एका कथेपाशी थांबावेच लागते.

ती ‘काळ तर मोठा कठीण आला’. विषय दुष्काळाचा. एका गरीब खेडूत कुटुंबाची वाताहत तीत सांगितली आहे. हरिभाऊंचे ‘रामजी’ हे दुष्काळावरचेच इंग्रजी पुस्तक १८९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले, ते १८९६-९७ च्या दुष्काळाने देश होरपळत असताना. त्या दुष्काळात जबलपूर, सागर, दमोह हे मध्य प्रांताचे उत्तरेकडील जिल्हे भरडून निघाले होते. योगायोग असा की दुष्काळावरची किपलिंगची कथाही याच सुमाराची आहे. ‘विल्यम द कॉन्करर’ ही कथा अमेरिकेतील ‘लेडीज होम जर्नल’मध्ये डिसेंबर १८९५ व जानेवारी १८९६ च्या अंकांत आली. पंजाबातील इंग्रज अधिकारी मद्रासकडे दुष्काळाच्या कामावर जातात. भात खाणारी माणसे समोर आलेला गहू ओळखीचा नाही म्हणून खात नाहीत. तेव्हा स्कॉट नावाचा अधिकारी ते धान्य शेळ्यांना घालतो आणि शेळ्यांच्या दुधावर अनाथ मुले जगवितो. तपशील विलक्षण खरा वाटतो, आणि कामाच्या थकव्याचे वर्णन तर अप्रतिमच. परंतु कथा आहे ती स्कॉटची व विल्यम या तरुणीची. नाताळच्या सुमारास ती दोघे उत्तरेकडे परततात, तेव्हा दुष्काळ मागे राहतो. प्रेम जुळलेले असते व मासिकाच्या वाचक स्त्रियांची अपेक्षा पुरी झालेली असते.

हरिभाऊंच्या कथेत परतण्याला जागा नाही. दुष्काळ तेथे पार्श्वभूमी नाही, तो घरात शिरलेला आहे. एकेक वस्तू, एकेक माणूस, एकेक आशा गळत जाण्याला जो वेळ लागतो तो कथेलाही लागतो. आणि येथे ती लांबी दोष उरत नाही. हीच गोष्ट दोन हजार शब्दांत आवळली असती, तर एखादा चटका बसला असता, पण उपासमारीचा संथपणा हरवला असता. उपासमार ही घटना नसते, ती कालावधी असते. रकान्याच्या धाकात वाढलेल्या कथेला हा कालावधी क्वचितच पेलतो. शिवाय पुण्याच्या वाड्यात ही गोष्ट ऐकणारी माणसे पांढरपेशी होती. खेड्यातल्या भुकेल्या घराशी त्यांचा परिचय बेताचाच. त्यांना त्या घरात नेऊन बसवायचे, आणि पुढच्या अंकापर्यंत तेथून उठू द्यायचे नाही, हे काम पसरट म्हटल्या गेलेल्या त्याच सावकाश, बोलक्या निवेदनाने साधले.

पुढे १८९५ मध्ये मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मनोरंजन’ मासिक निघाले आणि गोष्टीची जागा पुन्हा बदलली. तेथे ‘संपूर्ण गोष्ट’ असा निराळा मथळा आला. ‘संपूर्ण’ या विशेषणातच ‘क्रमशः’ची आठवण लपलेली आहे. वि. सी. गुर्जर यांच्यासारखे लेखक त्या मथळ्याखाली वाढले. १९०९ मध्ये त्या मासिकाने दिवाळी अंक काढला आणि कथेला वर्षातला एक हक्काचा सण मिळाला. घाट आला, गुंतागुंत आली, चुरचुरीत संवाद आले. मासिक आता शेल्फावर ठेवून एकट्याने वाचावयाची वस्तू होऊ लागले होते.

आज ‘स्फुट गोष्टी’ आपण वाचतो त्या पुस्तकरूपाने. पुस्तकात शेजारचे कादंबरीचे प्रकरण नाही, आठवड्याची तारीख नाही, मागच्या-पुढच्या पानांवरचा मजकूर नाही. रकान्यातून उपटलेली किपलिंगची कथा पुस्तकातही तग धरते, कारण ती मुळातच एकटी उभी राहण्यासाठी घडविलेली होती. हरिभाऊंची गोष्ट शेजार्‍यांसह लिहिली गेली होती. ‘करमणुकी’चे मूळ अंक सलग लावून, दुष्काळाच्या गोष्टीच्या मागे-पुढे काय छापले होते ते पाहून तिचे मूल्यमापन व्हावयास हवे, आणि ते व्हायचे तर जीर्ण झालेल्या त्या पानांची जपणूक त्याआधी व्हावयास हवी.