गाठी स्वर्गात, सोसणं मात्र इथंच

"लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधल्या जातात." हे मी मांडवात ऐकलंय, आणि मार खाऊन माहेरी आलेल्या लेकीला परत धाडतानाही ऐकलंय. हल्लीची पोरं 'सोलमेट' म्हणतात. शब्द नवा, खोडा तोच. जोडी वरूनच ठरली म्हटल्यावर त्रासही नशिबातलाच ठरतो.

आपल्या मातीचा इतिहास मात्र निराळा. वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. १९४३ ते १९४६ या काळात प्रतिसरकारने इथं गावोगावी न्यायदान मंडळं चालवली. सावकारीच्या तक्रारींसोबत बायकोला छळणाऱ्या, टाकून देणाऱ्या नवऱ्यांची प्रकरणंही तिथं आली. 'नशीब तुझं' म्हणून बाईला परत पाठवण्यापेक्षा नवऱ्याला जाब विचारला गेला. पुढं त्याच चळवळीतल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर परित्यक्ता बायकांच्या हक्कासाठी उभ्या राहिल्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची वाटही देशभर खुली केली.

नातं माणसंच जोडतात, म्हणून ते तपासताही येतं आणि सोडताही. वडाला सूत खुशाल गुंडाळा. पण लेक 'आता नको' म्हणाली, तर तिच्यापुढं सात जन्मांचा हिशेब मांडू नका. आधी तिचा हा जन्म बघा.