विजेचा भाव आणि भरवसा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी मागच्या पावसाळ्यात माझा भाचा आला. चार यंत्रमाग विकून आलेले पैसे त्याच्याजवळ होते आणि ते मुलीच्या शिक्षणासाठी राखायचे होते. बँकेत ठेव ठेवली असती, पण व्याज घरात आणायचे नाही ही त्याच्या वडिलांची शिकवण. शेअर म्हणजे नफ्यातोट्यातली भागीदारी, ती त्याला चालते. बाजार मात्र रोज वरखाली होत होता. अशा दिवसांत वीज कंपन्यांचे शेअर घ्यावेत, ते बुडत नाहीत, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. ‘‘मामू, बिजली तो हर घर में लगतीच है ना?’’ त्याने मला विचारले.

मी कवितेचा माणूस. शेअरबाजारातले मला कळत नाही. पण बी.ए.ला इतिहास होता आणि ती आवड अजून सुटलेली नाही. म्हणून मी म्हटले, उद्याचा भाव मला सांगता येणार नाही. पण आपल्या मुलखात देशी पैशावर विजेची मोठी कंपनी कशी उभी राहिली, ते सांगतो.

गोष्ट मुंबईची आहे. तिथल्या लोकांना शेअर या शब्दाची धास्ती जुनी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. हातात आलेला पैसा लोकांनी समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये ओतला. बॅक बेच्या शेअरला दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भाव मिळू लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापूस उतरला आणि मोठमोठ्या पेढ्या बसल्या. जमीन अजून पाण्याखाली होती आणि शेअर विकून झाले होते.

पुढे गिरण्या आल्या. आपल्या सोलापुरात जुनी मिल १८७७ साली उभी राहिली. मुंबईत काय आणि इथे काय, चाके फिरायची ती वाफेवर आणि वाफ व्हायची ती कोळशावर. कोळसा दुरून यायचा आणि महाग पडायचा. उलट मुंबईजवळच्या सह्याद्रीवर दर पावसाळ्यात धो धो पाणी पडते आणि वाहून जाते. ते अडवून वीज करावी ही कल्पना जमशेटजी टाटांनी उचलून धरली. १९०४ मध्ये ते गेले. काम मुलाच्या, दोराबजींच्या अंगावर आले.

भांडवलासाठी लंडनचा दरवाजा ठोठावून पाहिला, पण सोयीच्या अटींवर पैसा मिळेना. मग देशातच हात पसरायचे ठरले. त्याआधी १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीचे शेअर असेच देशात विकले होते. स्वदेशीचे वारे होते. तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार लोकांनी ते घेतले होते. त्या भरवशावर १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीची नोंदणी झाली. संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी पैसा घातला. १९११ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या गव्हर्नरांनी लोणावळ्यात पायाभरणी केली.

आता त्या भागधारकांच्या जागी बसून पाहा. पैसा आज द्यायचा आणि वीज चार वर्षांनी यायची. वाफेच्या इंजिनांत पैसा गुंतवून बसलेल्या गिरणीमालकांना, ही नवी शक्ती घ्या, म्हणून पटवायचे. त्यात १९१४ ला महायुद्ध पेटले. तरीही १९१५ च्या फेब्रुवारीत लोणावळ्याचे पाणी नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरले आणि वीज मुंबईच्या गिरणगावात पोचली. पुढे युद्धामुळे कोळशाची टंचाई झाली आणि या विजेचे महत्त्व सर्वांना पटले. १९१६ मध्ये आंध्रा व्हॅली आणि १९१९ मध्ये टाटा पॉवर अशा आणखी दोन कंपन्या निघाल्या.

इथवर ऐकून भाचा खूश झाला. ‘‘म्हणजे घ्यावेत!’’ मी म्हटले, थांब, निम्मीच गोष्ट झाली.

तिसऱ्या कंपनीचे धरण मुळशीला व्हायचे होते. त्यात मावळ्यांची पन्नासाहून अधिक गावे आणि भाताची खाचरे बुडणार होती. १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट त्यात सेनापती झाले आणि तुरुंगात गेले. लढा १९२४ पर्यंत चालला, पण धरण झालेच. १९२७ मध्ये भिरा इथे वीज तयार होऊ लागली. भागधारकाला लाभांश मिळाला. ज्याची जमीन पाण्याखाली गेली, तो भागीदार नव्हता. विजेच्या शेअरला सुरक्षित म्हणताना, त्या सुरक्षेची किंमत कोणी भरली हेही पाहावे.

त्या तीनही कंपन्या २००० मध्ये एक झाल्या आणि ती जुनी जलविद्युत केंद्रे आजही चालू आहेत. ज्यांच्यासाठी वीज केली, त्या मुंबईच्या गिरण्या मात्र १९८२ च्या संपानंतर एकेक करून मिटल्या. सोलापुरातल्या मोठ्या गिरण्यांचीही तीच गत झाली. भोंगा ऐकून उठणाऱ्या आपल्या पेठांना नंतर घड्याळाचे गजर लावावे लागले. गिरण्यांचे शेअर ज्यांच्या पेटीत होते, त्यांच्याकडे कागद उरले. वीज कंपनी टिकली, कारण एक गिऱ्हाईक गेले तरी दिवे, लोकल गाड्या, दवाखाने ही दुसरी गिऱ्हाइके होती.

म्हणून वीज कधी बुडत नाही म्हणावे, तर आपल्याच कोकणातले दाभोळ आठवते. १९९३ मध्ये एन्रॉनच्या कंपनीशी राज्य वीज मंडळाचा करार झाला. १९९९ मध्ये वीज आली, पण ती इतकी महाग की मंडळाला परवडेना. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने ती घेणे थांबवले आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत खुद्द एन्रॉनने दिवाळे काढले. त्यानंतरच्या काळात आपण सोलापूरकर भारनियमनात माग बंद ठेवून बसलो होतो. विजेची गरज होती, पण त्या भावाने घेणारा नव्हता. दोन्ही गोष्टी एक नव्हेत.

आणखी एक जोडी पाहा. २००४ मध्ये एनटीपीसीचा शेअर ६२ रुपयांना विकला, तेव्हा तिची केंद्रे वर्षानुवर्षे वीज देत होती. २००८ च्या जानेवारीत रिलायन्स पॉवरचा शेअर ४५० रुपयांना आला. लहान गुंतवणूकदारांना तो ४३० ला होता. तिचे बहुतेक मोठे प्रकल्प अजून उभे राहायचे होते, तरी सत्तरपटीहून अधिक मागणी आली. त्याच महिन्यात बाजार कोसळला आणि फेब्रुवारीत नोंदणीच्या पहिल्याच दिवशी भाव विक्रीच्या किमतीखाली बंद झाला. १८६५ चा धडा १४३ वर्षांनी पुन्हा गिरवला गेला.

आज फताटेवाडीला एनटीपीसीचे १३२० मेगावॉटचे केंद्र आहे. कोळसा बाहेरून येतो, पाणी उजनीचे. त्या उजनीवर शेतकऱ्याचाही हक्क आहे आणि आपल्या नळाचाही. उन्हाळ्यात हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही.

शेवटी भाच्याला मी एवढेच म्हटले: घे किंवा घेऊ नको, पण तीन गोष्टी विचारून घे. वीज घेणारा कोण आणि तो बिल वेळेवर भरतो का? कंपनीच्या डोक्यावर कर्ज किती? कारण कर्ज आले की व्याज आले, आणि ते तुझ्या नफ्यातूनच जाते; तुझ्या वडिलांची शिकवण तिथेही तपासून पाहा. आणि तिसरे, पाणी नि जमीन कोणाची?

तो हिशेबाची वही काढून तिन्ही प्रश्न लिहून घेऊ लागला. मुलीची दोन वर्षांची फी मात्र आधी बाजूला काढली, ती शेअरात घालणार नाही, असे त्याने मला बजावून सांगितले. हे मी त्याला शिकवले नव्हते. माग चालवणाऱ्या माणसाला सूत शिलकीत ठेवण्याची सवय असते.