पार्किंगखालची पंचवीस वर्षं

आपल्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण झाली. या स्मरणिकेत गणेशोत्सवाचे फोटो असतील, पहिल्या कार्यकारिणीची आठवण असेल, दहावी-बारावीत चमकलेल्या मुलांची यादी असेल. ते सगळं हवंच. संपादक मंडळाने माझ्याकडे ‘सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी’ मागितलं, तेव्हा मी म्हटलं, आपल्या सर्वसाधारण सभांमध्ये ज्या विषयावर सर्वांत जास्त वेळ गेला, त्यावरच लिहितो. तो विषय म्हणजे पार्किंगच्या फरशीखालची सेप्टिक टँक.

काही जण नाक मुरडतील. पण ज्यांनी ते पावसाळे तळमजल्यावर काढले, ते मुरडणार नाहीत. आणि गेल्या तीन-चार वर्षांत राहायला आलेल्या कुटुंबांना आपण कशावर गाड्या लावतो, हे माहीत असायला हवं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. साठी ओलांडलेल्या मंडळींना टोपलीचे संडास आठवत असतील. बसायची जागा उंचावर, खाली टोपली किंवा डबा, आणि मागच्या बोळात उघडणारं छोटं दार. सकाळी कोणीतरी येऊन तो मैला डोक्यावरून वाहून न्यायचं. ते ‘कोणीतरी’ कोण असणार, हे जातीने ठरवून टाकलेलं होतं. घरातल्यांना बहुतेक वेळा त्या माणसाचं नावही ठाऊक नसायचं.

याविरुद्ध महाराष्ट्रात बोलणारे आणि हाताने काम करणारे लोक होऊन गेले. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनाआधी गाव झाडायचे. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात, सवर्ण कैदी असूनही, आपल्याला भंगीकाम करू द्यावं म्हणून उपोषण केलं. त्यांना पाठिंबा म्हणून गांधीजींनीही अन्न सोडलं. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी माणसाला मैल्याला हात लावावा लागू नये, असे संडास तयार करून दाखवले. १९४९ साली मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला बर्वे समिती नेमली, आणि १९५७ मध्ये केंद्राच्या पातळीवर मलकानी समिती आली. डोक्यावरची टोपली जायलाच हवी, हे तेव्हापासून कागदावर मान्य होतं. प्रत्यक्षात कोरड्या संडासांवर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, आणि महाराष्ट्रासह काही राज्यांत तो २६ जानेवारी १९९७ पासून लागू झाला. म्हणजे आपल्या सोसायटीच्या पायाभरणीच्या अगदी अलीकडे!

टोपलीची जागा ज्या टाकीने घेतली, तिचा जन्म फ्रान्समधला. वेसूल गावच्या ज्याँ-लुई मुरास यांनी १८६० च्या सुमारास घराजवळ एक बंद टाकी बांधली. काही वर्षांनी ती उघडली, तर गाळ अपेक्षेपेक्षा फारच थोडा. बाकीचं पाणी होऊन वाहून गेलेलं. १८८१ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. इंग्लंडमध्ये एक्सेटर शहराचे सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ साली अशीच टाकी शहरासाठी बांधली आणि तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिलं.

आपल्याकडे ती यायला फार वेळ लागला नाही. मुंबईत माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी १८९० साली एक आश्रयस्थान सुरू झालं होतं. ते उभारण्यात पुढाकार घेणारे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ म्हणजे शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाड्यांचा संग्रह काढणारेच ॲकवर्थ. त्याच आवारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सी. सी. जेम्स या इंजिनिअरांनी सेप्टिक टँकचे प्रयोग केले आणि टाकीतून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवून दाखवलं. गोबरगॅस आपल्याला पुढे कितीतरी वर्षांनी माहीत झाला.

एवढ्या जुन्या गोष्टीत चुकण्यासारखं काय असतं, असं वाटेल. टाकीचं काम साधं आहे. आलेलं पाणी निदान एक दिवस तरी शांत उभं राहिलं पाहिजे. जड गाळ तळाला बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी पुढे जातं. हवेविना जगणारे जंतू गाळ हळूहळू कुजवतात. पण टाकी काही पाणी शुद्ध करत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. बाहेर पडणारं पाणी घाणच असतं. त्याला पुढे जमिनीत मुरवून किंवा गाळून स्वच्छ करावं लागतं. टाकी हे निम्मं काम. उरलेलं निम्मं काम जमिनीचं.

भारतीय मानक संस्थेचं यावर एक मानकच आहे, क्रमांक २४७०. त्यात सगळं लिहिलेलं आहे. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी. पाण्याची खोली किमान एक मीटर. टाकी दोन हजार लिटरपेक्षा मोठी असेल तर मध्ये भिंत घालून दोन कप्पे करावेत. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्या पाइपापेक्षा ५० मिलिमीटर खाली असावा, आणि साय पुढे जाऊ नये म्हणून तिथे टी बसवावा. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून १८ मीटरच्या आत नसावा. आणि खड्डा खणण्याआधी त्या जमिनीत पाणी मुरतं किती, हे मोजून पाहावं.

आता आपली टाकी. मंजूर नकाशात दोन कप्पे होते. जागेवर एकच निघाला. बाहेरच्या पाइपाला टी नव्हता. दोन्ही पाइप जवळजवळ एकाच पातळीवर. उघडायला धड झाकण नव्हतं, कारण वरून सलग फरशी टाकून पार्किंग केलेलं. आणि शोषखड्डा अशा ठिकाणी, की बोअर तिथून चार पावलांवर. ज्यांनी बांधलं त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ते आता कुठे आहेत हेही ठाऊक नाही, आणि अशी टाकी बांधणारे ते एकटेच नव्हते. अनेक ठिकाणी गवंड्याला ‘एक टाकी काढून दे’ एवढंच सांगितलं जातं. टाइल्स कोणत्या, नळ कोणत्या कंपनीचे, हे बघायला फ्लॅटधारक दहा चकरा मारतो. टाकीत वाकून बघायला कोणी जात नाही. आपल्यातलंही कोणी गेलं नव्हतं.

पण मोठी चूक जमिनीची होती. बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली असे दोन प्रदेश आहेत, हे आपल्याला जन्मापासून माहीत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकरकडे बऱ्याच ठिकाणी हातभर मातीखाली मुरूम लागतो. घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात, मलकापूर-नांदुऱ्याकडे काळी कसदार माती. आपला प्लॉट एन.ए. होण्याआधी कपाशीचं वावर होता. कपाशीला ही माती सोनं. शोषखड्ड्याला मात्र वैरीण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यातून घाण पाणी कुठल्याकुठे जातं. पाऊस पडला की ती फुगते, भेगा मिटतात आणि पाण्याचा थेंबही खाली जात नाही. म्हणून आपली टाकी उन्हाळ्यात ‘चांगली चालायची’ आणि श्रावणात तळमजल्याच्या संडासातून वर यायची. शेवटी एका जुन्या विहीर खणणाऱ्या बुवांनी एका वाक्यात निदान केलं, “राजेहो, ह्या मातीत पानी मुरत नाई, कुजते.”

बोअरच्या पाण्याला वास येऊ लागला तेव्हा विषय गंभीर झाला. पाणी तपासायला दिलं; पिण्यास अयोग्य असा अहवाल आला. त्या वर्षी पोटाच्या तक्रारी किती घरांत झाल्या ते जुन्या रहिवाशांना विचारा. बोअर बंद केली. तिच्यावरून सभेत जे भांडण झालं, ते इतिवृत्तात तीन ओळींत आहे, प्रत्यक्षात तीन तास चाललं. वरच्या मजल्यावरचे म्हणायचे, आमच्याकडे तर काही त्रास नाही, वर्गणी कशाची? खालचे म्हणायचे, तुमचंच तर आमच्याकडे येतंय. दोघंही खरंच बोलत होते.

तोवर टाकी भरली की उपसायची, एवढाच उपाय होता. आणि इथे मला जे मुद्दाम नोंदवायचं आहे, ते येतं. झाकण अरुंद, तळाचा गाळ घट्ट झालेला, गाडीचा पाइप पुरेना. तेव्हा एक जण म्हणाला, दोन पोरं आहेत, आत उतरून बादलीने काढतील, गाडीपेक्षा स्वस्तात. सभेत काही जणांना ते पटलंही. पैसे खरंच नव्हते.

त्याच सुमाराला, डिसेंबर २०१९ मध्ये, मुंबईत गोवंडीच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेत सेप्टिक टँक साफ करायला उतरलेले तीन कामगार गुदमरून गेल्याची बातमी आली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ठाण्यात ढोकाळीला एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रकल्पात तिघे गेले होते. सभेत ती बातमी वाचून दाखवली गेली. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असला तर नाकच बधिर होतं आणि माणसाला वाटतं, वास गेला, आता उतरायला हरकत नाही. त्यात प्राणवायूही नसतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. म्हणून अशा बातम्यांत एकाऐवजी दोन-तीन नावं असतात.

कायदाही वाचला. ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये १९९३ पासूनच्या अशा प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख भरपाई ठरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. गोवंडीच्या त्या तिघांच्या पत्नींना भरपाईसाठी उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला प्रत्येकी दहा लाख द्यायला सांगितलं.

दंडाच्या भीतीने कोणी गप्प बसलं असेल, नाही असं नाही. पण आपल्याच एका काकूंनी सभेत विचारलं, “त्या दोन पोरांच्या जागी आपल्या बिल्डिंगमधली पोरं उतरवाल का?” त्यावर मतदान घ्यावं लागलं नाही. टोपलीचे संडास गेले याचा आपण अभिमान सांगतो. पण डोक्यावरची टोपली जाऊन माणूस खड्ड्यात उतरणार असेल, तर गेलं काय? टाकी नीट बांधलेली नसली की तिची किंमत शेवटी असा कोणीतरी मोजतो, ज्याने ती बांधलेली नसते आणि वापरलेलीही नसते.

नंतर कोरोना आला, काम रेंगाळलं. निर्बंध उठल्यावर विशेष वर्गणी काढली. फरशी फोडून मोठ्या तोंडाची झाकणं केली, टाकी गाडीने पूर्ण उपसली. जमिनीची चाचणी घेतली: खड्डा रात्रभर भिजवून, पाणी भरून, पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहायचं. तीस मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो. साठ मिनिटांच्या वर गेलं तर जमिनीचा नाद सोडायचा. आपलं पाणी तासाभरानंतरही जवळपास तिथंच! म्हणून शोषखड्डा बुजवला. नवी दोन कप्प्यांची टाकी बांधली, ती पाण्याने भरून गळती नाही हे पाहिल्यावरच पैसे दिले. तिच्यापुढे खडीची गाळणी केली, ज्यात पाणी खालून वर चढतं, आणि तिथून ते नालीत सोडलं. वास जाण्याचा पाइप गच्चीच्या वर नेला. त्यानंतरच्या पावसाळ्यांत तळमजला कोरडा आहे.

हे फक्त आपलंच रडगाणं नव्हतं. २०११ च्या जनगणनेत शहरी भारतातली ३८.२ टक्के घरं सेप्टिक टँकवर होती आणि ३२.७ टक्के भुयारी गटारावर. उपसलेला गाळ जातो कुठे, हाही प्रश्न आहे. साताऱ्याच्या वाई आणि नाशिकच्या सिन्नर या नगरपरिषदांनी ठरावीक वर्षांनी प्रत्येक टाकी उपसायची आणि गाळावर प्रक्रिया करायची, अशी पद्धत सुरू केली आहे. टाकी तुंबायची वाट बघायची नाही, पाळी आली की गाडी येते. आपल्या गावानेही ते करावं म्हणून सोसायट्यांनी मिळून अर्ज करायला हरकत नाही.

तोवर आपल्यापुरतं एवढं. टाकीचा प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे काढलेला नकाशा कार्यालयाच्या कपाटात आहे. पुढच्या कार्यकारिणीने तो जपावा. टाकी दर दोन वर्षांनी दिवाळीनंतर गाडीनेच उपसायची, आणि तळाला थोडा गाळ जंतूंसाठी ठेवायचा. संडासात ॲसिड ओतू नये, सॅनिटरी पॅड आणि डायपर टाकू नयेत. झाकणांवर गाडी लावू नये. आणि कितीही स्वस्तात होत असलं, कितीही घाई असली, तरी आपल्या टाकीत माणूस उतरणार नाही, हा ठराव इतिवृत्तात आहे. पुढची पंचवीस वर्षं तो तसाच राहावा.