सॉकेट तेच, प्रोसेसर नवा आणि पडदा काळा

गेल्या सत्रात येलहंक्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थी आपला संगणक उचलून घेऊन आला. 2019 साली घेतलेला बी450 चिपसेटचा मदरबोर्ड आणि त्यावर नुकताच बसवलेला रायझन 5 5600. पंखे फिरत होते, पडदा मात्र काळा. दुरुस्तीवाल्याने ‘प्रोसेसर गेला’ असे सांगून टाकले होते आणि पोरगा परीक्षा शुल्काच्या पैशातून दुसरा घ्यायच्या तयारीत होता. बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही एएम4 सॉकेटचे, मग अडले कुठे? याचे उत्तर सॉकेटच्या इतिहासात आहे.

प्रोसेसर सॉकेटमध्ये बसणे आणि बोर्डाशी जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 1995 च्या सुमारास आलेल्या सॉकेट 7 वर इंटेलचा पेंटियम, एएमडीचा के6 आणि सायरिक्सचा 6एक्स86 हे तिघेही बसत. आज हे ऐकून नवल वाटते. पण 1997 मध्ये पेंटियम एमएमएक्स आला, त्याच्या गाभ्याला 2.8 व्होल्ट आणि बाहेरच्या जोडण्यांना 3.3 व्होल्ट लागत. जुने बोर्ड सगळीकडे एकच व्होल्टेज देत. प्रोसेसर त्यात खुशाल बसे, पण गाभ्याला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून तो तापे. तेव्हाच्या अनेक बोर्डांवर व्होल्टेज आणि वेग जम्पर लावून हाताने ठरवावे लागत. मॅन्युअल हरवले की सगळा अंदाजाचा कारभार.

त्याच वर्षी पेंटियम टू साठी इंटेलने स्लॉट 1 आणला. त्यामागच्या बसचा परवाना एएमडीकडे नव्हता. 1999 मध्ये एएमडीने अ‍ॅथलॉनसाठी स्लॉट ए काढला. कनेक्टर तोच, फक्त उलटा फिरवलेला, आणि बस डेक कंपनीच्या अल्फा प्रोसेसरची. आकार सारखा, भाषा वेगळी! तेव्हापासून बोर्ड घेतानाच कंपनी ठरू लागली.

हा प्रश्न घरगुती संगणकापुरता नव्हता. पुण्याच्या सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 उभा केला तो इनमॉसच्या टी800 ट्रान्सप्युटरवर. गणनशक्ती कमी पडू लागली तेव्हा परम 8600 मध्ये इंटेलचा आय860 घेतला, पण ट्रान्सप्युटर काढून त्याच जागी तो बसवता येणार नव्हता. म्हणून प्रत्येक नोडवर एका आय860 सोबत चार ट्रान्सप्युटर ठेवले. पुढे 1994 च्या परम 9000 ची रचनाच अशी केली की नवे प्रोसेसर सहज सामावून घेता यावेत. त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क आणि अल्फा वापरले गेले. प्रोसेसर बदलणार हे गृहीत धरून केलेली रचना म्हणून मी वर्गात हे उदाहरण आवर्जून देतो.

घरगुती बाजारात असे गृहीत क्वचितच धरले जाते. इंटेलचे एलजीए 1151 सॉकेट 2015 चे. सहाव्या पिढीच्या बोर्डावर सातवी पिढी बायोस बदलून चालली. 2017 च्या अखेरीस आलेली आठवी पिढी त्याच 1151 जोडण्यांची असूनही जुन्या बोर्डांवर अधिकृतपणे चालेना. काही राखीव जोडण्या आता विजेसाठी वापरल्या होत्या. सहा कोअरना जास्त वीज लागते, हे कंपनीचे कारण. हौशी मंडळींनी बायोसमध्ये फेरफार करून काही जोड्या चालवून दाखवल्या, त्यामुळे मला ते कारण अर्धेच पटते.

एएमडीने एएम4 टिकवले, पण अडचण बायोसमध्ये आली. अनेक बोर्डांवर बायोसची चिप 16 मेगाबाइटचीच होती, सगळ्या पिढ्यांची माहिती तीत मावेना. मे 2020 मध्ये कंपनीने पुढच्या पिढीसाठी 400 मालिकेच्या बोर्डांना नकार दिला आणि ग्राहक चिडल्यावर त्याच महिन्यात तो मागे घेतला. त्याआधी 2018 मध्ये तर बायोस बदलण्यापुरता एक प्रोसेसर ग्राहकांना उसना देण्याची वेळ तिच्यावर आली होती.

आता त्या विद्यार्थ्याचा संगणक पाहा. 5000 मालिका बाजारात आली 2020 च्या नोव्हेंबरात, बोर्ड 2019 चा. त्यातला बायोस हा प्रोसेसर ओळखणार कसा? जुना प्रोसेसर परत बसवला, पडदा लगेच उजळला. बायोसची तारीख 2019 चीच निघाली. बोर्डाच्या कंपनीची यादी उघडून 5600 साठी किमान कोणती आवृत्ती हवी ते पाहिले. सर्वांत नवी आवृत्ती डोळे झाकून टाकू नये, कारण जागेसाठी काही कंपन्यांनी त्यातून जुन्या प्रोसेसरांचा आधार काढला आहे आणि मग परतीची वाट बंद होते. पेन ड्राइव्हवरून बायोस बदलला, वीज जाऊ नये म्हणून यूपीएसवर. मग नवा प्रोसेसर लावला. पहिल्या वेळी मेमरी जुळवून घ्यायला त्याने मिनिटभर घेतले, तेवढ्यात पोराने दोनदा माझ्याकडे पाहिले. मग पडद्यावर 5600 चे नाव आले.